जयपूरजवळ घोड्यांसाठी जमीन घेताना



दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरला, की त्यानंतरचे दोन महिने मला एकाच प्रकारचे फोन येतात. तापीकाठी मारवाडी घोडे बघितलेले असतात. आत वळून टोकाला टोक लावणारे ते कान डोक्यातून जात नसतात. शिवाय राजस्थानात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही, हेही कुणीतरी सांगितलेलं असतं. मग प्रश्न येतो, "ताई, जयपूरच्या बाहेर पाच बिघे घेऊन चार घोडे ठेवले तर?"

ठेवता येतील. पण दाखला लागत नाही या एका गोष्टीमुळे आपली माणसं सैल होतात, म्हणून आजचा भाग त्यावरच आहे.

महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला दारातच अडवतं. राजस्थानात तसा अडसर नाही. भारतीय नागरिक डॉक्टर असो, दुकानदार असो की नोकरदार, तो शेतजमीन विकत घेऊ शकतो. मात्र दार उघडं असलं की आत काय आहे ते बघायचं काम आपल्यावर येतं. उपनिबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवलं जातं, म्हणजे विकणाऱ्याची मालकी कुणी तपासून दिली असं होत नाही. ती तपासणी तुमची तुम्हीच करायची. आणि इथला खाता दाखवून उद्या महाराष्ट्रात शेतकरी म्हणून जमीन घेऊ, असा हिशेब मनात धरून तर कुणी व्यवहार करूच नये.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आधीच एक सांगून टाकते. एनआरआय आणि ओसीआय मंडळींना फेमा कायद्याखाली भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलं तर ठेवता येतं. भावाच्या नावावर घेऊन पैसे आपण पाठवायचे, हा मार्ग मी सुचवणार नाही. त्यात भाऊही जातो आणि जमीनही जाते.

आता मोजमाप. इथं सगळे बिघ्यात बोलतात, पण बिघा दोन प्रकारचा आहे. पक्का बिघा ३,०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे आपले बरोबर २५ गुंठे. कच्चा बिघा १,९३६ चौरस यार्डांचा, म्हणजे १६ गुंठे. पाच बिघ्यांचा भाव ठरवताना एकाच्या मनात सव्वाशे गुंठे आणि दुसऱ्याच्या मनात ऐंशी, असं सहज होऊ शकतं. सरकारी कागदावर हल्ली क्षेत्र हेक्टरात असतं. बोलणी बिघ्यात होऊ द्या, लिहून घ्या ते हेक्टरात. एक हेक्टर म्हणजे साधारण चार पक्के बिघे.

आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथं जमाबंदी आहे. तलाठ्याच्या जागी पटवारी, फेरफाराच्या जागी नामांतरण, गट क्रमांकाच्या जागी खसरा नंबर, आणि पीकपाहणीच्या जागी गिरदावरी. जमाबंदी 'अपना खाता' या सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळते. ती विक्रम संवतात असते, त्यामुळे वर संवत २०७५ दिसलं तर गोंधळू नका. ५७ वजा केले की आपलं साल मिळतं.

या कागदावरचे काही शब्द तुम्हाला यायलाच हवेत, कारण सगळा व्यवहार त्या शब्दांवर उभा असतो. विकणारा 'खातेदार' असला पाहिजे. 'गैर-खातेदार' असेल, तर ती बहुधा सरकारने वाटप केलेली जमीन असते आणि खातेदारी मिळेपर्यंत त्याला ती विकता येत नाही. आपल्याकडच्या भोगवटादार वर्ग दोनची आठवण ठेवा. 'सिवायचक' म्हणजे सरकारी पडीक. 'चारागाह' म्हणजे गायरान. खातेदाराच्या जागी 'मूर्ती मंदिर श्री ठाकुरजी' असं काही लिहिलेलं असेल, तर ती देवाची जमीन आहे. कायद्याच्या नजरेत देव हा कायमचा अज्ञान वारस. पुजारी कितीही पिढ्या ती कसत असला, तरी तो ती विकू शकत नाही. आपल्या देवस्थान इनामाचीच ही बहीण.

'गैरमुमकिन' हा शब्द फार महत्त्वाचा. म्हणजे शेतीला न येणारी जमीन. पुढे काय लिहिलं आहे ते वाचायचं: गैरमुमकिन रास्ता, गैरमुमकिन नाला, नदी, तलाई. आज तिथं सपाट शेत दिसत असेल, मोहरी डोलत असेल, तरी कागदात नाला असेल तर तो नालाच आहे. राजस्थान काश्तकारी अधिनियम १९५५ चं कलम १६ सांगतं, की गायरान, नदी-तलावाचं पात्र अशा जमिनींवर खातेदारी हक्क निर्माणच होत नाहीत. त्यावर २००४ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने अब्दुल रहमान खटल्यात जलस्रोतांची आणि त्यांच्या पाणलोटाची स्वातंत्र्याच्या वेळची स्थिती पूर्ववत करण्याचा आदेश दिला. म्हणून इथले जाणते वकील आजच्या जमाबंदीवर थांबत नाहीत. संवत २०१२ ची, म्हणजे १९५५ सालची, कायदा लागू झाला तेव्हाची नोंद काढतात. तिथून आजपर्यंत जमीन कशी कशी हात बदलत आली, हे सलग दिसलं पाहिजे. मधेच एखाद्या ठिकाणी चारागाहाचा खातेदार झालेला दिसला, की व्यवहार तिथंच सोडायचा. स्वस्त जमिनीमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

आणखी एक अडचण मराठी माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. याच कायद्याचं कलम ४२. अनुसूचित जातीच्या खातेदाराची शेतजमीन अनुसूचित जातीबाहेरच्या व्यक्तीला, आणि अनुसूचित जमातीच्या खातेदाराची त्या जमातींबाहेरच्या व्यक्तीला विकली, तर ती विक्री अवैध ठरते. दलाल म्हणतो, मुखत्यारपत्र करू, किंवा तुमच्या ड्रायव्हरच्या नावावर घेऊ. हे ऐकलं की चहाचे पैसे देऊन उठा. ज्यांच्या संरक्षणासाठी हा कायदा केला, त्यांचीच जमीन अशा वाटेने गेली आहे. आणि घेणाऱ्याच्या हातीही शेवटी कोर्टाच्या तारखाच येतात.

बँकेचं कर्ज असेल तर जमाबंदीत 'रहन' अशी नोंद दिसते. ती उतरवून घेणं तुलनेने सोपं. हिश्श्यांचं प्रकरण जास्त अवघड.

समजा खात्यात सहा नावं आहेत आणि एक भाऊ आपला १/६ हिस्सा विकतोय. तो हाताने दाखवतो ती रस्त्यालगतची पट्टी त्याची आहे असं कागद म्हणत नाही. कागद म्हणतो, सगळ्या जमिनीत त्याचा सहावा भाग. त्यामुळे आधी बटवारा, म्हणजे वाटणी, व्हायला हवी. ती तहसीलदारासमोर संमतीने होते, किंवा कलम ५३ खाली दावा करून. नंतर नकाशात नव्या तुकड्याची रेघ ओढली गेली पाहिजे. त्याला इथं 'तरमीम' म्हणतात. तरमीम नसेल तर तुमचा खसरा कागदावर असतो, जमिनीवर कुठे आहे ते कुणीच सांगू शकत नाही. आणि आपण ज्याला मोजणी म्हणतो, ते इथलं 'सीमाज्ञान'. ते विकणाऱ्याच्या खर्चाने, शेजारी हजर असताना, खरेदीखताच्या आधी करून घ्या.

हिश्श्यांत बहिणी कुठे आहेत, हे विचारायला लाजू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो आणखी स्पष्ट केला. इथं मात्र बहिणींनी 'हकत्याग' करायची रीत खोल रुजलेली आहे. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. ही रीत मला पटत नाही. पण घेणाऱ्याने निदान एवढं बघावं, की हकत्यागाचा दस्त नोंदणीकृत आहे, सगळ्या बहिणींचा आहे, आणि एखादी बहीण वारली असेल तर तिच्या मुलांचाही विचार झालेला आहे. "बहिणी काही म्हणणार नाहीत" हे वाक्य कागद नव्हे. मी तर म्हणते, जमलं तर त्या बहिणींना प्रत्यक्ष भेटा. अर्धा तास जातो, पण वीस वर्षं शांत झोप लागते.

वाटेबद्दल थोडक्यात. जमाबंदीत आणि नकाशात नोंदलेली वाट हवी. इथले लोक तिला 'कटाणी रास्ता' म्हणतात. शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याची तोंडी मुभा शेजारी जिवंत आणि खूश असेपर्यंतच टिकते. नवी वाट मागायला कलम २५१-अ आहे, पण त्यात मोबदला भरावा लागतो आणि वेळही जातो. घोड्यांचा ट्रक आणि भुशाची गाडी आत वळली पाहिजे, हे डोळ्यासमोर ठेवून वाटेची रुंदी बघा. मोटार आत जाते म्हणून ट्रक जाईलच असं नाही.

आता पाणी. या विषयावर मी जास्त बोलणार आहे.

जयपूर भागात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत जिल्ह्याचे जवळजवळ सगळे ब्लॉक अतिशोषित आहेत. म्हणजे पावसाने जितकं मुरतं, त्यापेक्षा जास्त उपसलं जातं. जयपूर शहराला पाणी येतं ते टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून. शहराबाहेरची शेतं त्यावर नाहीत. त्याआधी शहर रामगडच्या तलावावर होतं. महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या काळात बांधलेला हा तलाव इतका मोठा होता, की १९८२ च्या एशियाडमधल्या नौकास्पर्धा तिथं झाल्या. तो आता कोरडा पडलेला आहे. पाणलोटात बंधारे आले, अतिक्रमणं आली, बाणगंगेचं पाणी तिथवर पोचेना. जमवारामगडच्या रस्त्याला जमीन बघायला जाल, तेव्हा आधी त्या पात्राशी उभे राहा. मगच बोअरला किती पाणी लागतं हे विचारा.

घोड्याला किती पाणी लागतं? मध्यम बांध्याचा मारवाडी घोडा दिवसाला ३० ते ४० लिटर पितो, उन्हाळ्यात आणि काम असेल तर त्याहून जास्त. चार घोडे धरा, १६० लिटर. हा आकडा किरकोळ वाटतो, आणि इथंच फसायला होतं. कारण घोड्यांचं खरं पाणी चाऱ्यात असतं. आपण ज्याला लसूणघास म्हणतो, तो इथला 'रिजका'. एका पक्क्या बिघ्यात पाच सेंटीमीटरचं एक पाणी द्यायचं म्हटलं, तर सव्वा लाख लिटर लागतात. म्हणजे त्या चार घोड्यांना दोन वर्षांहून जास्त पुरेल एवढं पिण्याचं पाणी. आणि उन्हाळ्यात रिजक्याला अशी पाणी पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: हिरवा चारा स्वतः पिकवायचा हट्ट धरू नका. पावसावर येणारं धामण गवत लावा, ओट आणि रिजका विकत घ्या, भूस हंगामात भरून ठेवा. तसं केलंत तर चार घोड्यांना तीन पक्के बिघेही पुरतात, कारण ती जमीन चरायला नसून हिंडायला आहे. वर्षभर चरायला मिळेल असं कुरण या हवामानात होत नाही. विलायती मासिकांतली हिरवी चित्रं बघून एकरांचा हिशेब करू नका.

बोअरची परीक्षा मे महिन्यात घ्या. मोटर सलग तीन तास चालवा. हजार लिटरची टाकी पहिल्या तासात किती मिनिटांत भरली आणि तिसऱ्या तासात किती, ते लिहून ठेवा. वेळ वाढत गेला तर समजा तळ जवळ आहे. विजेचं शेतीचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, ते तुमच्या नावावर होणार का, आणि शेतीची वीज दिवसात किती तास येते, हेही त्याच दिवशी विचारा. नव्या कृषी कनेक्शनला रांग असते.

आणि पाण्याची चव बघून समाधान मानू नका. फागी, दूदू, सांभर, चाकसू या पट्ट्यात खारेपणा आणि फ्लोराईड या जुन्या तक्रारी आहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. प्रयोगशाळेत या दोन्ही आणि क्षार, एवढी तपासणी हवीच. गावात गेलात की म्हशींचे आणि शाळकरी मुलांचे दात बघा. दातांवर तपकिरी आडवे पट्टे दिसले, तर अहवाल यायच्या आधीच उत्तर मिळालं. जास्त फ्लोराईडने जनावरांची हाडं-सांधे धरतात, ती लंगडू लागतात. लंगडा घोडा म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

दुसरी फेरी ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मारा. जयपूर वाळवंटाच्या कडेला आहे म्हणून पुराचा विचार कुणी करत नाही, पण जुलै १९८१ मध्ये याच शहरात महापूर आला होता. कोरड्या ढूंढ नदीच्या काठाची सपाट, भुसभुशीत जमीन घोड्याच्या खुरांना फार छान वाटते. ती सपाट का आहे, हे पावसात कळतं.

त्या वाळूचा आणखी एक त्रास. घोडा जमिनीवर टाकलेला चारा खाताना वाळू गिळतो. ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो, त्यात घोडा जातोही. म्हणून गव्हाण उंच आणि खाली फरशी. काटेरी तारेचं कुंपण आधीच असेल, तर ते काढायचा खर्च जमिनीच्या किमतीत धरा. घाबरलेला घोडा तार बघत नाही. फार्महाऊस म्हणून सजवलेली जागा घेत असाल, तर कडेला कण्हेर लावली आहे का ते पाहा. राजस्थानात महामार्गाच्या दुभाजकापासून बंगल्यापर्यंत ती सगळीकडे असते, कारण तिला पाणी लागत नाही. घोड्यासाठी तिची थोडी पानंही प्राणघातक. मुळापासून काढा, आणि वाळलेली पानंही वेचा.

खेजडी मात्र राहू द्या. ती राज्यवृक्ष आहे, तोडायला परवानगी लागते, आणि एप्रिल-मेच्या लूमध्ये तिची सावली पत्र्याच्या शेडपेक्षा बरी.

शेजार कोण आहे? नाहरगड, आमेर, झालाना, जमवारामगड या डोंगरांलगत बिबटे आहेत. मोठ्या घोड्याला सहसा धोका नसतो, शिंगराला असतो. शिवाय अभयारण्याच्या कडेच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये बांधकामावर बंधनं येतात. ती जमाबंदीत दिसत नाहीत, वनखात्याकडे विचारावी लागतात. शहराच्या बाजूला लग्नाची मॅरेज गार्डनं आहेत. हंगामात रात्री बारापर्यंत डीजे आणि फटाके. संक्रांतीला अख्खं जयपूर पतंग उडवतं, आणि तुटलेला मांजा आठवडाभर शेतांत सापडत राहतो. तो घोड्याच्या पायात अडकतो, चाऱ्याबरोबर पोटातही जातो. जवळ वीटभट्टी असेल तर तिथली गाढवं-खेचरं निरोगी आहेत का, याची चौकशी करा. ग्लँडर्स हा रोग त्यांच्यातून घोड्याला आणि घोड्यातून माणसालाही होतो. त्यावर मान्य उपचार नाही. रोग नक्की झाला तर २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे जनावर मारावं लागतं. म्हणून सारंगखेडा असो की पुष्कर, घोडा घेण्याआधी रक्ततपासणी करा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाचं निदान करतं. नवा घोडा आणल्यावर किमान तीन आठवडे वेगळा ठेवता येईल, असं एक ठाण बाकी पागेपासून लांब बांधा.

काय बांधता येतं, हाही प्रश्न येतो. शेतावर स्वतःला राहायला लहान घर आणि स्वतःच्या जनावरांसाठी शेड, इथवर शेतीचाच भाग मानतात. पैसे घेऊन घोडेस्वारी शिकवायची, पाहुणे उतरवायचे, लग्नाला जागा द्यायची म्हटलं, की भूराजस्व अधिनियम १९५६ च्या कलम ९०-अ खाली जमिनीचं रूपांतरण लागतं. आपल्या एनएसारखंच. जयपूर विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असाल तर मास्टर प्लॅनमध्ये त्या खसऱ्यावर कोणता रंग आहे ते आधी बघा. आणि 'सोसायटी पट्टा' म्हणून जे विकलं जातं, म्हणजे गृहनिर्माण समितीने शेतजमिनीचे तुकडे पाडून दिलेला कागद, ते आणि प्राधिकरणाचा पट्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फार्महाऊस योजनांच्या गुळगुळीत पुस्तिकेत हा फरक सापडत नाही.

तहसील आणि जिल्हा कोणता, हेही आज विचारा. जयपूर ग्रामीण आणि दूदू हे २०२३ मध्ये नवे जिल्हे झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्दही झाले. कोटपूतली-बहरोड मात्र राहिला. मधल्या काळातल्या कागदांवर वेगळी नावं दिसतील.

व्यवहाराचा क्रम असा ठेवा. आधी जुन्या-नव्या जमाबंद्या, नकाशा आणि नामांतरणाच्या नोंदी. मग सीमाज्ञान. मग मे आणि ऑगस्टच्या दोन फेऱ्या. ऑगस्टपर्यंत थांबायला विकणारा तयार नसेल, तर लहानसा विसार द्या, तोही बँकेतून. नोटरी केलेल्या इकरारनाम्यावर मोठी रक्कम देऊ नका. रोखीत वीस हजार किंवा त्याहून जास्त घेणं विकणाऱ्यालाच आयकर कायद्यात महागात पडतं, हे त्याला हसत सांगा. इथं रेडी रेकनरच्या जागी डीएलसी दर असतो. मुद्रांक शुल्क ठरवताना तो बघितला जातो, आणि खरेदी बाईच्या नावावर केली तर शुल्कात सवलत आहे. नोंदणी झाली की नामांतरणाचा पाठपुरावा करा, आणि तुमचं नाव चढलेली जमाबंदी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घोड्यांचा ट्रक ठरवू नका.